मथळ्यांची चाचणी घ्या, पण कॅशेला धक्का लावू नका

एकाच लेखाला दोन मथळे द्यायचे, अर्ध्या वाचकांना एक दाखवायचा, अर्ध्यांना दुसरा, आणि क्लिक मोजायचे. ए/बी टेस्टिंग म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक आहेच. घोडं अडतं ते सर्व्हरवर, आणि नवख्यांसाठीच्या बहुतेक लेखांत सर्व्हरचा उल्लेखही नसतो. माझे बरेच दिवस यातच गेले, म्हणून एकच गोष्ट जरा सविस्तर सांगतो: कॅशे, म्हणजे तयार पानांची साठवलेली प्रत, न बिघडवता ही चाचणी कशी घ्यायची.

पहिला विचार सगळ्यांना हाच सुचतो: पीएचपीत, म्हणजे सर्व्हरवर पान तयार करणाऱ्या भाषेत, रँडम आकडा काढायचा आणि त्यावरून मथळा ठरवायचा. स्वतःच्या मशीनवर हे झकास चालतं. साइटवर चढवलं की सगळ्यांना एकच मथळा दिसू लागतो, कारण पुढे व्हार्निश, एनजिनएक्स किंवा सीडीएन (वाचकांच्या जवळच्या सर्व्हरांचं जाळं) असं कॅशे सांभाळणारं काहीतरी बसलेलं असतं. पहिल्या वाचकाला गेलेल्या पानाचीच प्रत पुढच्या हजारोंना जाते. पीएचपीपर्यंत विनंती पोचतच नाही.

इथवर काही बिघडलेलं नसतं. बिघडतं ते पुढच्या वाक्याने: "मग या पानापुरता कॅशे बंद करू." कृपा करून हे करू नका. ज्या पानावर मथळा तपासावासा वाटतो, ते जवळजवळ नेहमी सर्वांत गर्दीचं पान असतं, आणि तुम्ही नेमकं त्याच्यावरचं छप्पर काढून घेता.

याहून फसवा प्रकार कुकीचा, म्हणजे वाचकाच्या ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या खुणेचा. वाचकाला कायम तोच मथळा दिसावा म्हणून सर्व्हरवरून कुकी लावली, की उत्तरासोबत सेट-कुकी हेडर (पानाबरोबर जाणारी माहितीची ओळ) जातं, आणि असं उत्तर व्हार्निश मुळातच साठवत नाही. त्यावर कुणीतरी 'व्हेरी: कुकी' लावायला सांगतं, म्हणजे कुकी वेगळी तर प्रत वेगळी. मग तुमची एकटी कुकी नाही, तर पूर्ण कुकी हेडर ताडून पाहिलं जातं. त्यात ॲनालिटिक्सची (वाचक मोजणाऱ्या सेवेची) कुकी असते, आणि ती प्रत्येक वाचकाची वेगळी. म्हणजे दर वाचकामागे पानाची वेगळी प्रत. कॅशे चालू दिसतो, मेमरी भरत जाते, आणि डेटाबेसवरचा भार मात्र कॅशे नसल्यासारखाच.

सीडीएनवरच वाचकांचे 'अ' आणि 'ब' असे गट पाडून कॅशे-कीमध्ये, म्हणजे साठवलेली प्रत ज्या नावाने शोधली जाते त्यात, तेवढं एकच अक्षर घालता येतं. एका लेखासाठी हे उत्तम. पण मुखपृष्ठावर 10 मथळे एकाच वेळी, प्रत्येकी दोन रूपांत आणि एकमेकांपासून स्वतंत्र तपासायचे असतील, तर 1,024 प्रती होतात.

म्हणून माझं मत ठाम आहे: दोन्ही मथळे एकाच एचटीएमएलमध्ये पाठवा. दुसरा मथळा डेटा-ॲट्रिब्यूटमध्ये (एचटीएमएल टॅगमधल्या न दिसणाऱ्या जागेत) ठेवा, छोटी स्क्रिप्ट ब्राउझरमध्येच निवड करेल आणि ती लोकलस्टोरेजमध्ये, म्हणजे ब्राउझरच्याच साठ्यात, लिहून ठेवेल. सर्व्हरच्या दृष्टीने पान एकच. स्क्रिप्ट मात्र मथळ्याला लागूनच, त्याच्या लगेच खाली हवी. फुटरमध्ये टाकली तर वाचकाच्या डोळ्यांदेखत मथळा बदलतो, आणि ज्याने दोन्ही पाहिले त्याचा क्लिक मोजून उपयोग नाही.

मोजणीतही सर्व्हर दमतो. दर वेळी डेटाबेसच्या त्याच ओळीत एक मिळवायचा म्हटलं, की इनोडीबीमध्ये (मायएसक्यूएल डेटाबेसच्या साठवण इंजिनात) त्या ओळीच्या लॉकसाठी रांग लागते. वर्डप्रेसमध्ये पानाकडून आलेल्या विनंत्या घेणारं ॲडमिन-एजॅक्स वापरलंत तर एका क्लिकसाठी अख्खं वर्डप्रेस जागं होतं. त्यापेक्षा ब्राउझरच्या सेंडबीकन या सोयीने एका पत्त्यावर खूण पाठवा, एनजिनएक्सने तिथे 204 (रिकामं उत्तर) देऊन मोकळं व्हावं, आणि ॲक्सेस लॉगमधल्या, म्हणजे आलेल्या विनंत्यांच्या नोंदवहीतल्या, ओळी क्रॉनने (ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या सोयीने) दर काही मिनिटांनी मोजाव्यात. डेटाबेसला दर क्लिकचा पत्ताही लागत नाही. गर्दी फारच असेल तर शंभरातल्या दहाच वाचकांना चाचणीत घ्या.

"प्लगइन टाक आणि मोकळा हो" म्हणणाऱ्यांपासून जपून. गुगल ऑप्टिमाइझ हे अशा चाचण्यांचं साधन सप्टेंबर 2023 मध्येच बंद झालं, तरी जुने मार्गदर्शक लेख अजून तिकडेच बोट दाखवतात. गुरू शोधायचाच असेल तर डॅशबोर्डपेक्षा लॉग उघडून दाखवणारा शोधा.

साइट छोटी आहे म्हणून खचू नका. क्लिकचं प्रमाण 2 टक्क्यांवरून 2.5 झालं हे संख्याशास्त्राच्या नेहमीच्या कसोटीवर पकडायला प्रत्येक मथळ्यामागे सुमारे 13,800 वाचक लागतात. पण फरक 2 वरून 4 टक्क्यांचा असेल, तर साडेअकराशेच्या आसपास पुरतात. तेव्हा एखादा शब्द इकडचा तिकडे करत बसू नका, मुळातच वेगळे दोन मथळे लिहा. मधेच आकडे बघून चाचणी थांबवू मात्र नका. सुरुवातीची आघाडी बऱ्याचदा नुसता योगायोग असते.

चाचणी सुरू केल्यावर त्याच पानाचे हेडर कर्ल या कमांडने थोड्या अंतराने दोनदा मागवा. 'एज'चा (Age, प्रत किती सेकंद जुनी आहे त्याचा) आकडा वाढलेला दिसला तर पान कॅशेतूनच येतंय. दोन्ही वेळा शून्य आला, किंवा हेडरमध्ये सेट-कुकी दिसली, तर आधी चाचणी काढा आणि मग कारण शोधत बसा.