ओघळलेले स्तन आणि शस्त्रक्रिया : या चुका टाळा

स्तन ओघळले की पहिला दोष अंगावर पाजण्याला दिला जातो आणि बांधा बिघडेल या धास्तीने काही माता बाळाचे दूध लवकर तोडतात. या विषयातली ही सर्वांत वाईट चूक आहे, कारण तिची किंमत बाळालाही मोजावी लागते. स्तनांच्या सौंदर्यशस्त्रक्रियेसाठी आलेल्या मातांचा एक अमेरिकी अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात वाढते वय, जास्त वजन, गरोदरपणांची संख्या, मुळातला मोठा आकार आणि धूम्रपान यांचा ओघळण्याशी संबंध आढळला. स्तनपानाचा स्वतंत्र परिणाम आढळला नाही. गरोदरपणात स्तन वाढतात, त्वचा ताणली जाते आणि पुढे आतले ऊतक आकसले तरी ती पूर्ववत होत नाही. हा बदल बाळाला पाजले नाही तरी होतो.

दुसरी चूक म्हणजे तेल, मलम आणि मालिश यांवर महिनोन्‌महिने पैसा घालणे. स्तनात आकार धरून ठेवणारा स्नायू नसतो. स्तनाला आधार असतो तो त्वचेचा आणि आतल्या तंतुमय बंधांचा, आणि हे बंध एकदा सैल झाले की चोळून घट्ट होत नाहीत. व्यायामाने स्तनामागचा छातीचा स्नायू बळकट होतो आणि उभे राहण्याची ढब सुधारते, तेव्हा तो जरूर करावा. मात्र त्याने स्तनाग्र वर सरकत नाही.

मोठा घोळ होतो तो शस्त्रक्रिया निवडताना. ओघळणे किती आहे हे स्तनाग्र कोठे आहे यावरून ठरते. आरशासमोर हात खाली सोडून उभे राहावे आणि स्तनाग्राची पातळी स्तनाखालच्या घडीशी ताडून पाहावी. ते घडीच्या पातळीवर असेल तर ओघळणे सौम्य, घडीच्या खाली गेले असेल तर मध्यम, आणि स्तनाच्या अगदी खालच्या टोकाला येऊन जमिनीकडे वळले असेल तर तीव्र समजतात. स्तनाग्र जागेवर असूनही खालचा भाग लोंबत असेल, तर तो प्रकार वेगळा आणि त्याचा उपायही वेगळा. मध्यम किंवा तीव्र ओघळण्यावर केवळ इम्प्लांट, म्हणजे स्तनात घालायची कृत्रिम पिशवी, बसवून घेणे ही नेहमीची चूक आहे. इम्प्लांटने आकारमान वाढते, जास्तीची त्वचा तशीच राहते आणि वाढलेल्या वजनाने स्तन पुढे आणखी खाली येऊ शकतो. अशा वेळी ब्रेस्ट लिफ्ट, म्हणजेच मॅस्टोपेक्सी, लागते : जादा त्वचा काढून, ऊतकाला नवा आकार देऊन, स्तनाग्र त्याच्या रक्तपुरवठ्यासह वर आणले जाते. सौम्य प्रकारात स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळाच्या कडेने छेद पुरतो, मध्यम प्रकारात तेथून खाली एक उभा छेद जोडावा लागतो आणि तीव्र प्रकारात घडीतून आडवाही छेद घ्यावा लागतो. व्रण कमी दिसावा म्हणून छोट्या छेदाचा हट्ट धरला, तर आकार चपटा होतो किंवा वर्तुळ ताणून रुंद होते. लिफ्टने आकारमान वाढत नाही. ते हवे असेल तर सोबत इम्प्लांटचा विचार करता येतो, पण इम्प्लांट आयुष्यभर टिकतेच असे नाही आणि पुढे पुन्हा शस्त्रक्रिया लागू शकते. स्तन जड असून मान-खांदे दुखत असतील आणि पावसाळ्यात घडीत सतत खाज-पुरळ येत असेल, तर आकार कमी करण्याची शस्त्रक्रियाच योग्य ठरू शकते.

घाईही नको. दूध पूर्ण बंद झाल्यावर साधारण ३ ते ६ महिने जाऊ द्यावेत आणि वजन स्थिर झालेले असावे. लवकरच पुन्हा मूल हवे असेल तर थांबावे, कारण नव्या गरोदरपणाने केलेले काम बिघडू शकते. एकाच बाजूचा स्तन अलीकडे बदलला असेल, त्वचेला खळी पडली असेल, स्तनाग्र आत ओढले गेले असेल किंवा गाठ लागत असेल, तर सौंदर्याचा विचार बाजूला ठेवून आधी कर्करोगाच्या दृष्टीने तपासणी करून घ्यावी.

शस्त्रक्रियेआधी तंबाखूचा प्रश्न सर्वांनाच विचारला जातो आणि आपल्याकडे त्याचे उत्तर बहुधा अपुरे मिळते. ‘मी सिगारेट ओढत नाही’ असे सांगणारी स्त्री रोज सकाळी दातांना मिसरी लावत असते. मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिच्यातल्या निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, जखम उशिरा भरते आणि स्तनाग्राची त्वचा मृत होण्याचा धोका वाढतो. मिसरी, गुटखा, सिगारेट सारे शस्त्रक्रियेआधी किमान ४ आठवडे आणि नंतरही तितकेच आठवडे बंद हवे, आणि हे डॉक्टरांपासून लपवू नये.

डॉक्टर निवडताना प्लास्टिक सर्जरीतील एमसीएच किंवा डीएनबी ही पदवी आणि वैद्यकीय परिषदेची नोंदणी पाहावी. चांगला सर्जन गळ्याखालच्या खळग्यापासून स्तनाग्रापर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना टेपने मोजतो आणि छेदाच्या रेषा रुग्ण उभी असतानाच पेनाने आखतो, कारण झोपल्यावर स्तन बाजूला पसरतात आणि मापे फसवी होतात. संवेदना कमी होऊ शकते आणि पुढे दूध पाजण्यात अडचण येऊ शकते, हेही त्याने आधीच सांगायला हवे.

घरी आल्यावर ४ ते ६ आठवडे जड उचलणे टाळावे. पाण्याने भरलेली कळशी आणि कडेवरचे मूलही यात आले. सांगितलेली आधार देणारी ब्रा काढून ठेवू नये. व्रण पहिले काही महिने लाल आणि जाड दिसतात; ते फिके पडायला वर्ष-दीड वर्ष लागते, म्हणून दुसऱ्या महिन्यातच निराश होऊन दुरुस्तीची मागणी करू नये. मात्र एकच स्तन अचानक सुजून घट्ट झाला, स्तनाग्र काळपट पडू लागले, ताप आला किंवा जखमेतून पू वाहू लागला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी सर्जनकडे जावे.