पाळणाघरासाठी अनुदानाचा अर्ज करताना

पुण्यात बांधकाम मजुरांच्या लहान मुलांसाठी पाळणाघर चालवू इच्छिणाऱ्या संस्थेने कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीसाठी अर्ज करण्यापूर्वी धर्मादाय आयुक्तालयातील नोंदणी, प्राप्तिकर सवलतीची मान्यता आणि १ एप्रिल २०२१ पासून बंधनकारक असलेली सीएसआर-१ नोंदणी (हा निधी घेऊ इच्छिणाऱ्या संस्थेची कंपनी व्यवहार मंत्रालयाकडील नोंदणी) पूर्ण करावी. हा तुलनेने सोपा भाग झाला. अर्ज बहुधा अडतो तो अंदाजपत्रकापाशी. सेविकेचे मानधन, दूध-खिचडी, अंथरूण-पांघरूण आणि जागेचे भाडे यांचे मासिक आकडे वेगवेगळे लिहावेत, आणि बांधकाम संपून मजुरांचा तळ वाघोलीहून हिंजवडीला हलल्यास पाळणाघराचे काय होईल, हेही स्पष्ट करावे (जाणकार देणगीदार हा प्रश्न हमखास विचारतात). सहा वर्षांखालील मुलांसाठी अंगणवाडी असतेच. तिच्या वेळेत न भागणारी गरज कोणती, ते दाखवावे. मुलांची छायाचित्रे पालकांच्या लेखी संमतीविना जोडू नयेत.