यंत्र दुरुस्तीला आणि गवत गुडघ्यापर्यंत: या चुका टाळा

बेळगावात पावसाळ्याचा जोर वाढला की अंगणातली हरळी आठवड्याभरात हाताबाहेर जाते आणि नेमके तेव्हाच गवत कापण्याचे यंत्र रुसते. गेल्या हंगामातले पेट्रोल टाकीत तसेच ठेवलेले असते आणि त्याचा चिकट थर कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत बसलेला असतो. उद्यमबागेसारखी औद्योगिक वसाहत असलेल्या या गावात कारागिरांची वाण नाही. पण सुटा भाग बाहेरून मागवायचा झाला की पंधरा दिवस सहज जातात. त्या पंधरा दिवसांत लोक जे करतात, त्याने हिरवळीचे जितके वाटोळे होते तितके वाढलेल्या गवताने कधीच होत नाही.

सर्वांत मोठी चूक म्हणजे एका दिवसात गवत जमिनीलगत आणणे. ती मी स्वतः केलेली आहे. गणपती आठ दिवसांवर आले होते, निपाणीचे पाहुणे येणार होते, म्हणून मी भाड्याने ब्रश कटर आणला आणि फूटभर उंचीचे गवत एका दुपारीत साफ केले. खाली उरले ते केवळ पिवळे देठ, कारण उंच गवताची हिरवी पाने वरच्या टोकालाच असतात आणि सावलीतला खालचा भाग फिकट पडलेला असतो. अन्न तयार करणारी पानेच गेल्यावर मुळांनी साठवलेल्यावर किती दिवस काढायचे? त्यातच चार दिवस कडक उघडीप मिळाली, हिरवळ जागोजागी करपली आणि पुढच्या सरीबरोबर मोकळ्या जागी गाजरगवत उगवले. पाहुण्यांनी पडवीतूनच विचारले, “काय हो, हिरवळ काढून टाकलीसा काय?”

तेव्हापासून मी एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त गवत कापत नाही. बारा इंचांचे आठ, चार-पाच दिवसांनी आठाचे साडेपाच आणि मग पावणेचार, असा माझा क्रम असतो. घाई असलेल्यांना हे रटाळ वाटते. त्यांनी खुशाल अंगणात फरशी घालावी.

दुसरी चूक तणनाशकाची. ग्लायफोसेट हिरवळ आणि तण असा भेद करत नाही, दोन्ही मारते. मी त्याऐवजी म्हशी असलेल्या ओळखीच्या गवळ्याला बोलावतो. तो धारदार विळ्याने, मी सांगेन त्या उंचीवर कापतो आणि ओली वैरण घेऊन जातो. अर्थात अंगणात कसलीही फवारणी झालेली नाही, हे त्याला आधी प्रामाणिकपणे सांगावे लागते. शेळ्या सोडण्याचा सल्ला मात्र कोणी दिला तरी ऐकू नये, कारण त्या उंची मोजून खात नाहीत.

ओले गवत कापू नये, कारण ते आडवे पडते आणि तुटण्याऐवजी फाटते. युरिया या काळात अजिबात टाकू नये. गुडघाभर गवतात घोणस असू शकते, म्हणून गमबूट घालूनच उतरावे आणि आधी काठीने गवत हलवून घ्यावे. कापलेल्या गवताचे ढीग हिरवळीवर ठेवू नयेत. खालचे गवत दोन दिवसांत पिवळे पडते.

यंत्र परत आले की पाते सर्वांत वरच्या खाचेवर ठेवूनच पहिली फेरी मारावी आणि हंगाम संपताना टाकी रिकामी करून, उरलेले पेट्रोल संपून यंत्र आपोआप बंद पडेपर्यंत ते चालू ठेवावे.