तीर्थमार्ग निवडताना आधी मुक्काम मोजावेत

दीर्घ पल्ल्याच्या तीर्थमार्गांची तुलना करताना नजर प्रथम एकूण अंतराकडे जाते. चालणाऱ्याचा दिवस मात्र दोन मुक्कामांमधील अंतरावर ठरतो, म्हणून निवडीची सुरुवात तेथूनच करावी.

स्पेनमधील सान्तियागो या ख्रिस्ती तीर्थक्षेत्राकडे जाणारा ‘फ्रेंच मार्ग’ पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या सां-झां-पिये-द-पोर या गावापासून सुमारे ७८० किलोमीटरचा आहे. आकडा दडपण आणणारा असला, तरी यात्रेकरूंची निवासस्थाने वाटेवर इतकी जवळजवळ आहेत की पायाला फोड आले तर ठरल्याच्या अलीकडील गावात थांबता येते. याउलट कँटरबरीहून रोमला जाणाऱ्या सुमारे २,००० किलोमीटरच्या ‘व्हिया फ्रान्सिजेना’वर, विशेषतः फ्रान्समध्ये, अशा सोयी विरळ आहेत, तेथे थकव्याला सवलत मिळत नाही.

यासाठी नकाशावर निवासाची सोय असलेल्या गावांवर खुणा कराव्यात आणि त्यांमधील सर्वांत लांब टप्पा शोधावा. आदल्या दिवशीचे चालणे अंगात असताना, पाठीवर ओझे घेऊन, तो आपल्याला पार करता येईल का, हे पाहावे; ताज्या पायांचा हिशेब येथे उपयोगाचा नाही. उत्तर नकारार्थी असेल, तर तो मार्ग कितीही नावाजलेला असला तरी बाजूला ठेवावा.

कमी अंतर म्हणजे सोपी वाट, असेही समजू नये. स्पेनमधील ओव्हिएदोहून सान्तियागोलाच जाणारा ‘प्रिमितिवो’ मार्ग सुमारे ३२० किलोमीटरचाच आहे, पण डोंगराळ आहे. पहिल्यांदा निघणाऱ्याला मी पोर्तुगालमधील पोर्तोहून सान्तियागोपर्यंत सुमारे दोन आठवड्यांत होणारा पोर्तुगीज मार्ग सुचवीन. जपानमधील शिकोकू बेटावरील ८८ मंदिरांच्या सुमारे १,२०० किलोमीटरच्या प्रदक्षिणेत बरेचसे चालणे डांबरी रस्त्यावरून होते, आणि ते तळपायांना जाचते. मात्र ती तुकड्यातुकड्यांनी, अनेक वर्षांत पूर्ण करण्याची रीत तेथे रूढ असल्याने सलग दीड महिना मोकळा नसलेल्यालाही ती बाद करावी लागत नाही. हाताशी आठवडाच असेल, तर फ्रेंच मार्गावरील सारिया गावापासूनचा शंभर किलोमीटरहून थोडा अधिक टप्पा सान्तियागोच्या यात्रापूर्तीच्या प्रमाणपत्रास पुरतो. गर्दीही तेथेच सर्वाधिक असते. २०२७ मध्ये २५ जुलै हा संत सान्तियागोचा (सेंट जेम्सचा) सणाचा दिवस रविवारी येत असल्याने ते सान्तियागोचे पवित्र वर्ष आहे, तेव्हा ती आणखी वाढेल.

ऋतू शेवटी पाहिला तरी चालेल, पण टाळता येत नाही. फ्रेंच मार्गावरील पिरेनीजची उंच वाट नोव्हेंबर ते मार्च बंद असते, आणि फ्रान्सिजेनावरील सुमारे २,४७० मीटर उंचीच्या ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीत बर्फ उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत टिकतो. ज्यांना युरोपचा शेंगेन व्हिसा लागतो, त्यांनी १८० दिवसांत कमाल ९० दिवसांची मुदतही हिशेबात धरावी. संपूर्ण फ्रान्सिजेना सावकाश चालणाऱ्याला ती अपुरी पडू शकते.