गिनीपिगला खायला देताना या चुका टाळा

गिनीपिगला पोळी, बिस्किट, दूधभात खायला घालणारी घरं आजही पुष्कळ आहेत. घालतात प्रेमानेच, पण दूध त्याला पचत नाही आणि पिठाच्या, गोड पदार्थांनी पोट बिघडतं.

तरी सगळ्यात मोठी चूक वेगळीच आहे, ती म्हणजे सुकं गवत न देणं. गिनीपिगचे सगळे दात, अगदी दाढासुद्धा, जन्मभर वाढत राहतात. लांब काड्यांचं गवत तासन्‌तास चघळल्यावरच ते नीट झिजतात. नुसत्या दाणेदार खाद्याने पोट भरतं, दात झिजत नाहीत. मग दाढा जिभेवर वाढतात, भूक असूनही घास चावता येत नाही, लाळेने हनुवटी ओली होते. म्हणून पिंजऱ्यात गवत चोवीस तास हवंच. टिमोथी नावाचं सुकं गवत महाग पडत असेल तर स्वच्छ, नीट वाळवलेल्या दूर्वाही चालतात. रस्त्याकडेच्या किंवा फवारणी झालेल्या मात्र नकोत. लसूणघास (अल्फाल्फा, जनावरांचा चारा) तो आवडीने खातो, पण त्यात कॅल्शियम फार असतं. वाढत्या पिलांना आणि गाभण मादीला तो चांगला. मोठ्यांना रोज दिला तर मुतखड्याचा धोका वाढतो.

पाळीव उंदराचं किंवा हॅम्स्टरचं खाद्य गिनीपिगला देणंही चूकच. ते प्राणी क जीवनसत्त्व शरीरातच तयार करतात, गिनीपिगला ते आपल्यासारखंच अन्नातून मिळवावं लागतं. किलोभर वजनामागे रोज 10 ते 30 मिलिग्रॅम लागतं. कमी पडलं की सांधे सुजतात, उचलताना तो कळवळतो, केस राठ होतात. रोज भोपळी मिरचीचा तुकडा आणि थोडी कोथिंबीर द्या, अधूनमधून पेरूची लहान फोड. क जीवनसत्त्वाचे थेंब पाण्यात टाकू नका. पाण्यात त्यांचा गुण लवकर जातो, शिवाय चव बदलल्याने तो पाणी कमी पितो. खाद्याच्या पाकिटावरची तारीखही बघा, जुन्या खाद्यातलं हे जीवनसत्त्व उडालेलं असतं.

कांदा, लसूण, बटाटा अजिबात नको. नवी भाजी चिमूटभरच सुरू करा.

बारा तास त्याने काही खाल्लं नाही, लेंड्या बारीक झाल्या किंवा थांबल्या, तर सकाळची वाट न पाहता पशुवैद्य गाठा. घरातलं अँटिबायोटिक देऊ नका. तोंडावाटे दिलेलं अमॉक्सिसिलिन गिनीपिगच्या जिवावर बेततं.