खालच्या मजल्याला न उठवता हिट

हिट (HIIT) म्हणजे थोडा वेळ पूर्ण जोर लावायचा, मग विश्रांती, अशा आलटून पालटून फेऱ्यांचा व्यायाम. हे नवशिक्यांसाठी नाही. सलग ५० बैठका सहज निघतात, निदान सहा महिने व्यायामात खंड नाही आणि गुडघे कुरकुरत नाहीत, अशांनीच पुढे वाचावं. रक्तदाबाची किंवा हृदयाची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

मी खो-खोवाली. नऊ मिनिटांची पाळी, तीन-तीन जणींच्या तुकड्या. आत गेलं की जीव खाऊन पळायचं, बाद झालं की बाहेर येऊन धापा टाकायच्या. आता वय ४४, डोंबिवलीत तिसरा मजला, सोफा सरकवल्यावर उरते ती दोन चटयांची जागा. पहाटे पावणेसहाला उडी मारली की खालच्या काकूंचा फोन येतो. म्हणून घरात उड्या बंद. त्यावाचून काही अडत नाही.

मुरलेल्या माणसाला व्यायाम सगळे येत असतात. त्याची गोची वेगळीच. जोराच्या फेरीत तो थोडं राखून करतो आणि विश्रांतीत चुळबुळ करत राहतो. असं केलं की दोन्ही फेऱ्या सारख्याच मिळमिळीत होतात. यावर माझा उपाय म्हणजे भिंतीवर कागद आणि पेन्सिल. प्रत्येक फेरीत किती निघाले, ते लिहायचं.

सोमवारी छोट्या फेऱ्या. आधी दहा मिनिटं अंग तापवायचं: संथ सूर्यनमस्कार, मग जरा वेगात, शेवटी दहा-दहा सेकंदांच्या दोन जोरदार फेऱ्या. ही दहा मिनिटं वाचवू नका, नाहीतर पोटऱ्या आणि मांड्या धरतात. मग ३० सेकंद जोर, ९० सेकंद विश्रांती, अशा आठ फेऱ्या, म्हणजे १६ मिनिटं. दोनच प्रकार आलटून पालटून. पहिला: सॅकमध्ये पाच किलो तांदूळ, ती छातीशी धरून पूर्ण बैठक, आणि उठता उठता सॅक डोक्यावर. दुसरा: बर्पी, म्हणजे वाकून हात जमिनीला टेकायचे, पण उडी न मारता पाय एकेक करून मागे टाकायचा, एक जोर (दंड) काढायचा, एकेक पाय पुढे घेऊन उभं राहायचं. अवघड, नवे प्रकार इथे नकोत. हात-पाय चुकायच्या आधी दम संपला पाहिजे. पहिल्या फेरीत सॅकच्या १७ निघाल्या आणि पुढे आकडा १३-१४ वर आला, तर तिथेच थांबायचं. राहिलेल्या फेऱ्या रेटण्यात नुसता थकवा पदरात पडतो. उलट सातव्या फेरीतही सॅकच्या १७ निघाल्या, तर आधीच्या तुम्ही राखून केल्यात.

या फेऱ्यांत मनगटावरचं घड्याळ हृदयाचे ठोके दाखवतं, त्यांच्याकडे बघू नका. ३० सेकंदांत ठोके वर पोचेपर्यंत फेरी संपलेली असते.

गुरुवारी मात्र ठोकेच बघायचे. नॉर्वेत ट्रॉन्डहाइमच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी नावारूपाला आणलेली ही पद्धत: चार मिनिटं जोर, तीन मिनिटं हलकं चालणं, चार वेळा. जोर म्हणजे कमाल ठोक्यांच्या ८५ ते ९५ टक्के. कमाल काढायला २०८ मधून वयाच्या ०.७ पट वजा करा. माझे १७७ येतात, म्हणजे पट्टा साधारण १५० ते १६८. हा अंदाज आहे, माणसागणिक दहा-बारा ठोके इकडे-तिकडे होतात. पहिल्या एक-दोन मिनिटांत पट्ट्यात पोचायची घाई करू नका. यासाठी मी दोरी घेऊन गच्चीवर जाते (किल्ली सेक्रेटरींकडून आदल्या रात्रीच). गच्ची नसेल तर जिन्याची खालची पायरी, पाठीवर तीच सॅक, आणि चढ-उतर. चार मिनिटांत पाय बदलत राहा.

ताबाता नावाच्या झटपट हिटबद्दल एक कुरकूर. २० सेकंद जोर, १० सेकंद विश्रांती हे गणित जपानी स्पीड स्केटर्सच्या सरावातून आलं आणि १९९६च्या अभ्यासात ते सायकलवर तपासलं गेलं. तिथला जोर इतका होता की सात-आठ फेऱ्यांत खेळाडू गळून जायचे. त्या वेळापत्रकात प्लँक आणि हात हलवणं घातलं की व्यायाम होतो, पण तो ताबाता नव्हे. महिन्यातून एखाद्या सोमवारी करून बघा, बास.

आठवड्याला असे दोनच दिवस. मध्ये चालणं, वजनं, काहीही सावकाश. सकाळी अंथरुणातच नाडी मोजा. नेहमीपेक्षा सात-आठ ठोके जास्त लागले आणि झोपही नीट झाली नसेल, तर त्या दिवशी सुट्टी.

संपलं की धपकन बसू नका. पायांत उतरलेलं रक्त वर यायला वेळ लागतो, चक्कर येते. पाच मिनिटं घरातच फेऱ्या मारा. छातीत दुखलं, जबड्यात किंवा हातात कळ आली तर मात्र लगेच थांबा आणि दवाखाना गाठा.

पावसाळ्यात घाम सुकत नाही आणि ठोके तसेच चढे राहतात, तेव्हा दोन फेऱ्या कमी आणि पंखा पूर्ण. फरशीवर सतरंजी सरकते. रबरी मॅट घ्या आणि फेऱ्यांच्या मधे पायाखालचा घाम फडक्याने पुसा.