वजन उतरलं, मग पेस (धावण्याचा वेग) का वाढला नाही? धावणाऱ्यांनो, या चुका टाळा

तीन किलो उतरले. पँट सैल झाली, भेटेल तो विचारतो, 'काय, बारीक झालास?' आणि टेन केचं, म्हणजे दहा किलोमीटरचं, टाइमिंग मात्र दोन मिनिटांनी मागे गेलेलं. हौशी धावपटूंकडून ही तक्रार मी नेहमी ऐकतो. एका सीझनला मी स्वतःही ती भोगली आहे. दोष मेहनतीत नव्हता, उतरलं काय याकडे मी पाहिलंच नव्हतं.

चूक पहिली: वजन म्हणजे पाठीवरचं ओझं समजणं

हा समज अगदीच बिनबुडाचा नाही. १९७८ साली कर्क क्युरटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धावणाऱ्यांच्या अंगावर त्यांच्या वजनाच्या ५, १० आणि १५ टक्के जादा भार चढवून त्यांना पळवलं. शरीराची एकूण ऑक्सिजन वापरण्याची ताकद जवळपास तेवढीच राहिली, पण १२ मिनिटांत कापलेलं अंतर भाराबरोबर घटत गेलं. साहजिकच आहे. पळताना दर किलो वजनामागे दर किलोमीटरला साधारण १ किलोकॅलरी लागते, आणि चरबी पाय ढकलायला मदत करत नाही.

पण तो भार बाहेरून चढवलेला होता. शरीरातलं वजन असं सुटं काढून ठेवता येत नाही. हिशोबच मांडू. ७५ किलोचा धावपटू मिनिटाला ३.६ लिटर ऑक्सिजन वापरू शकतो, म्हणजे किलोमागे ४८ मिली. फक्त चरबीच ३ किलो उतरली, तर तोच आकडा ५० होतो आणि पेस सुधारायला वाव मिळतो. पण तेच ३ किलो उपाशी राहून घाईघाईने उतरवले, त्यात स्नायू गेले, ट्रेनिंग ढिलं पडलं आणि ३.६ चे ३.४५ लिटर झाले, तर किलोमागे पुन्हा ४८ च्या आसपास. काटा खूश, घड्याळ जिथल्या तिथे. वर थकवा पदरात.

म्हणून आठवड्याला अर्ध्या किलोच्या पुढे जाऊ नका. रोज ३०० ते ५०० किलोकॅलरींची तूट, म्हणजे खर्चापेक्षा तेवढं कमी खाणं, पुरते. प्रथिनं शरीराच्या दर किलोमागे दिवसाला १.६ ग्रॅमच्या आसपास ठेवा. आणि ही तूट रेस लांब असताना घ्या. रेसच्या आधीच्या सहा-आठ आठवड्यांत, जेव्हा इंटरव्हल (मध्ये थांबत मारलेले वेगवान टप्पे) आणि लाँग रन अंगावर येतात, तेव्हा डाएट नकोच, हे माझं ठाम मत आहे.

चूक दुसरी: काट्यावरच्या टक्क्यांवर विश्वास

पायाखालचा स्मार्ट काटा चरबी मोजत नाही. तो एका तळव्यातून बारीकसा विद्युतप्रवाह सोडतो, दुसऱ्या तळव्यातून परत घेतो, त्याला किती अडथळा झाला ते पाहतो आणि उंची, वय, लिंग यांच्या सूत्रात घालून उत्तर देतो. पोट आणि हात यांचा बराचसा भाग अंदाजानेच धरलेला असतो. सेटिंगमध्ये 'अ‍ॅथलीट' निवडा, चरबी त्याच क्षणी कमी दिसते, कारण सूत्र बदललं. अंगातलं पाणी कमी-जास्त झालं, तळवे घामेजलेले असले, तरी आकडा हलतो.

वजनाचंही तेच. लाँग रननंतर दीड किलो कमी दिसलं तर तो घाम आहे. रेसच्या आधी कार्ब्ज वाढवल्यावर एक-दीड किलो वाढलं तर घाबरून जेवण तोडू नका. कार्ब्ज स्नायूंत ग्लायकोजेन म्हणून साठतात. अशा प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी साठतं, आणि तेच इंधन शेवटच्या टप्प्यात कामी येणार असतं. मासिक पाळीच्या आसपासही पाण्यामुळे वजन वरखाली होतं.

सकाळी उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यानंतर, काही खाण्यापिण्याआधी वजन करा. एका दिवसाचा आकडा सोडून द्या, आठवड्याची सरासरी लिहा. सोबत महिन्यातून एकदा कमरेचा घेर टेपने मोजा. वजन तेच आणि घेर कमी, तर काम बरोबर चाललंय.

चूक तिसरी, आणि सगळ्यात महागडी: पळायचं जास्त, खायचं कमी

५५ किलोची एक धावपटू घ्या. चरबी २० टक्के, म्हणजे चरबी सोडून उरलेलं शरीर ४४ किलो. ती दिवसाला १८०० किलोकॅलरी खाते आणि त्यातल्या ६०० पळण्यात जातात. उरल्या १२००. भागिले ४४, म्हणजे किलोमागे २७. हृदय, हाडं, हार्मोन्स, झोप, प्रतिकारशक्ती, सगळ्यांनी यातच भागवायचं. साधारण ४५ असलं की शरीराचं नीट चालतं. ३० च्या खाली दिवसेंदिवस राहिलं की ते काटकसर सुरू करतं. ३० ही काही लक्ष्मणरेषा नाही, कुणाला त्याआधीच त्रास होतो. आणि बाहेरून ती बाई तंदुरुस्त दिसते, आपल्यासारखंच थोडंफार खाते, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही.

आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला रेड-एस (खेळाडूच्या शरीराला ऊर्जा कमी पडणं) असं नाव दिलं. ती पुरुषांनाही होते. लक्षणं अशी: सोपा रनही जड वाटतो, झोप तुटते, चिडचिड होते, सर्दी पाठ सोडत नाही, पाळी लांबते किंवा थांबते, पुरुषांत कामेच्छा मंदावते. तीन महिने पाळी आली नाही तर 'पळतेय म्हणून असेल' असं म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांकडे जा. नडगीवर किंवा पावलात बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच जागी दुखत असेल, एका पायावर उडी मारली की कळ येत असेल, तर त्या दिवसापासून पळणं बंद आणि तपासणी. हाडाला चीर गेली असू शकते.

चूक चौथी: 'वेट्स मारले तर पाय जड होतील'

होत नाहीत. एवढं पळणाऱ्याचे स्नायू आठवड्यातून दोनदा स्क्वॉट (बैठका) आणि काफ रेज (टाचा उचलण्याचा व्यायाम) केल्याने फुगत नाहीत. उलट त्याच पेसला कमी ऑक्सिजन लागू लागतो, आणि वजन उतरवताना स्नायू टिकतात.

मग माझं नेमकं काय बिघडलंय?

वजन उतरतंय आणि सोप्या पेसलाही नाडी नेहमीपेक्षा वर जातेय: तूट दोन आठवडे थांबवा, पोटभर जेवा, मग पुन्हा पाहा. वजन हलत नाही पण टाइमिंग सुधारतंय: काहीच बदलू नका. वजनही हलत नाही, टाइमिंगही नाही: जेवणाकडे जाण्याआधी ट्रेनिंगची वही काढा. चरबी कमी असलेले धावपटू सरासरीने वेगवान असतात हे खरं, पण तेच लोक सहसा आठवड्याला जास्त किलोमीटरही पळत असतात. वहीत आठवड्याला दोनच रन दिसत असतील, तर तिसरा जोडा. जेवणात काहीही बदलण्याआधी त्याला दोन महिने द्या.